पाणी वर चढवणारा पत्रा

(घाटकोपर पूर्वेच्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे, थोडी काटछाट करून.)



माझ्या आधी तिघं बोलले. तिघंही चांगलं बोलले. आता तुम्ही म्हणाल, हा काय बोलणार? मी पत्र्यावर बोलणार आहे. होय, पत्र्यावर. ॲल्युमिनियमचा, स्टीलचा, आपल्या डोक्यावर असतो तसला. हसू नका. पत्र्यावर आणि पाण्यावर आपला जितका अभ्यास आहे तितका विद्यापीठातल्या कुणाचा नसेल. उन्हाळ्यात पत्रा किती तापतो, पावसात कुठून गळतो, पहाटे त्याच्या आतल्या बाजूला घाम कसा सुटतो आणि थेंब नेमका झोपलेल्या पोराच्या कानात कसा पडतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त या अभ्यासाला कुणी पदवी दिली नाही, एवढंच.

मी साकीनाक्याला एका गाळ्यात लेझर मार्किंगच्या मशीनवर उभा असतो. पूर्वी भांड्याच्या दुकानात डबा घेतला की काउंटरमागचा पोरगा टरटर मशीन फिरवून त्यावर नाव घालून द्यायचा. अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट. आता तेच काम लेझरनं होतं. पार्टवर नंबर, कंपनीचा शिक्का, कुकरवर मार्का. तर या लेझरच्या धंद्यात राहून एक गोष्ट माझ्या वाचनात आली, आणि वाचल्यापासून डोक्यातून जाईना. ती आज सांगतो.

अमेरिकेत रोचेस्टर नावाचं विद्यापीठ आहे. तिथं चुन्लेई गुओ नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी धातूच्या पत्र्यावर लेझर मारून असा पत्रा तयार केला की त्यावर पाणी आपोआप वर चढतं. उभा धरला तरी चढतं. पंप नाही, मोटर नाही. पत्र्याचं खालचं टोक पाण्यात बुडवायचं, पाणी सरसर वर. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा दाखवली २००९ साली.

आपल्या बापजाद्यांनी पाणी फक्त वरून खाली येताना पाहिलं. विहिरीच्या काठावर कुणीतरी उभा, त्याच्या हातात तांब्या, खाली आपली ओंजळ. विटाळ होऊ नये म्हणून हातभर वरून धार. धार थांबली की ओंजळ मिटायची. त्यामुळं पाणी खालून वर चढतं हे वाचल्यावर माझ्यासारख्याला वेगळंच काहीतरी होतं. असो. आधी यंत्र समजून घेऊ, भावना नंतर.

कंदिलाच्या वातीत रॉकेल कसं चढतं? कुणी ढकलतं का? वातीच्या धाग्यांमध्ये बारीक बारीक फटी असतात. रॉकेल त्या फटींच्या भिंतीला चिकटत चिकटत वर जातं. गुओंच्या पत्र्यावर लेझरनं तशाच बारीक चऱ्या पाडलेल्या असतात, केसाच्या जाडीच्या आसपासच्या. आणि त्या चऱ्यांच्या अंगावर त्याहून कितीतरी बारीक खडबडीतपणा. पाण्याला तो पत्रा वातीसारखा वाटतो. म्हणजे धातूचीच वात.

आता माझ्या मशीनवरही चरा पडतो. मग मी हा पत्रा साकीनाक्याला का करू शकत नाही? कारण माझं लेझर ढोबळ आहे. त्याचा एक ठोका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात मोजतात. ऐकायला हे फार थोडं वाटतं, पण तेवढ्यात धातू तापतो, वितळतो, कडेला चिंधी सुटते. त्यांच्या लेझरचा ठोका याच्या लाखो पटींनी आखूड. त्याला फेमटोसेकंद म्हणतात. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे एक फेमटोसेकंद. इतक्या थोड्या वेळात उष्णतेला इकडंतिकडं पसरायला सवडच मिळत नाही. जिथं प्रकाश पडला तिथला धातू उडतो, शेजारचा गार राहतो. म्हणून नक्षी इतकी बारीक येते. आणि पत्रा काळाकुट्ट दिसतो. रंग लावलेला नसतो. उजेड त्या खड्ड्यांत शिरतो आणि बाहेर पडायची वाट विसरतो.

हे झालं पाण्यावर प्रेम करणाऱ्या धातूचं. नक्षी बदलली की उलटं होतं. धातू पाण्याचा दुस्वास करायला लागतो. अळूचं पान आठवा. त्यावर पाणी टाका, मोती होऊन घरंगळतं, पान कोरडं ते कोरडंच. संतांनी त्यावरून देह क्षणभंगुर असल्याचं आपल्याला सांगितलं. शास्त्रज्ञानं त्याच पानाकडं बघितलं आणि विचारलं, बाबा, हे चिकटत का नाही? पानाच्या अंगावर बारीक उंचवटे असतात, त्यांवर मेणासारखा थर असतो आणि उंचवट्यांच्या मधे हवा. थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. २०१५ साली गुओंच्या प्रयोगशाळेनं तसा धातू जाहीर केला. टेफ्लॉनच्या, म्हणजे नॉनस्टिक तव्याच्या पृष्ठभागावरून पाणी घरंगळायला तो ७० अंशांपर्यंत तिरपा करावा लागतो. या धातूला ५ अंशसुद्धा लागत नाहीत. थेंब पडतो, चेंडूसारखा उसळतो, जाताना वरची धूळही घेऊन जातो.

आता कान देऊन ऐका. या संशोधनाला पैसा कुणी दिला? एक अमेरिकी हवाई दलानं. त्यांना विमानावर बर्फ नको, गंज नको. दुसरा गेट्स फाउंडेशननं. त्यांना काय हवं होतं? विद्यापीठानं त्या वेळी जे जाहीर केलं त्यात गरीब देशांसाठी या धातूचे उपयोग सांगितले होते. एक, पावसाचं पाणी गोळा करणं. दुसरा, संडास. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात संडास पाणी न ओतता स्वच्छ राहावा म्हणून.

म्हणजे बघा. इतका बारीक प्रकाश, सेकंदाच्या पंधरा शून्यं खालचा, तो फिरून फिरून येऊन थांबला कुठं? आपल्या दोन जुन्या दुखण्यांवर. पिण्याचं पाणी, आणि मैला. एक आम्हाला शिवू दिलं नाही. दुसरं आमच्याशिवाय कुणी शिवलं नाही. अमेरिकेतल्या त्या माणसांना महाड माहीत असण्याचं कारण नाही. पण दुखणं खरं असलं की औषध शोधणारा त्याच दाराशी येतो.

संडासाचं आधी संपवतो, कारण त्याच्यावर आपलेच काही मित्र भाळलेत. घाण न चिकटणारा धातू. वा. वस्तीतल्या सार्वजनिक संडासात पाण्याची जोडणी नाही, बाया डबा भरून घरून नेतात, तिथं असलं भांडं बसलं तर मला आनंदच होईल. पण पुढं विचार करा. भांड्याला चिकटलं नाही, घरंगळलं. घरंगळून गेलं कुठं? खाली टाकीत. आणि टाकी भरल्यावर टाकीत कोण उतरतं? गोवंडीत २०१९ च्या डिसेंबरात एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गेले. वरचं भांडं कितीही चकचकीत असतं तरी खालचा वायू तोच होता. हातानं मैला साफ करायला लावण्यावर १९९३ साली बंदी आली, २०१३ साली पुन्हा नवा कायदा आला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ साली ३० लाख. मरणाचा भाव वाढला. मरण थांबलं का? वरचा पत्रा गुळगुळीत करणारे पुष्कळ मिळतील. खालच्या टाकीतून माणूस कायमचा बाहेर काढायला लेझर लागत नाही. सक्शनची गाडी लागते, आणि तिथं माणूस न पाठवण्याची दानत लागते. गाडी तर बाजारात मिळते.

आता पाण्याकडं येतो.

२०२० साली याच गुओंच्या मंडळींनी तो पाणी वर चढवणारा काळा पत्रा उन्हात ठेवला. पत्र्याचा पाय घाण पाण्यात. पाणी पातळ पापुद्र्यासारखं वर चढतं, काळा पत्रा ऊन जवळजवळ सगळं पिऊन घेतो, पापुद्र्याची वाफ होते. ती वाफ काचेवर धरून थंड केली की शुद्ध पाणी. पत्रा उभा असल्यामुळं सूर्य जिकडं तिकडं त्याचं तोंड फिरवता येतं. बसक्या टाकीतल्या पाण्याला ते जमत नाही. त्यांनी साबणाचं पाणी, रंगाचं पाणी, लघवी, जड धातू मिसळलेलं पाणी, सगळं करून बघितलं आणि पिण्यालायक उतरलं. समुद्राच्या पाण्यालाही हाच न्याय लागतो, मीठ मागं राहतं, वाफ पुढं जाते.

इथं पोरं टाळ्या वाजवतात. थांबा. आपण भाविक नाही. देवाचा चमत्कार सोडला तो विज्ञानाचा चमत्कार कवटाळायला नव्हे. हिशेब करू.

एक लिटर पाण्याची वाफ करायला किती ऊर्जा लागते? विजेच्या भाषेत ०.६८ युनिट. हा निसर्गाचा भाव आहे, यात घासाघीस नाही. भर दुपारी एक चौरस मीटरवर सूर्य तासाला साधारण एक युनिट ओततो. सकाळ-संध्याकाळचं कमी ऊन धरून दिवसभराचे झाले साडेपाच युनिट. पत्र्यानं एक कणही वाया घालवला नाही असं धरा. साडेपाचला ०.६८ नं भागा. आठ लिटर. एक चौरस मीटरला दिवसाला आठ लिटर. वाफेची उष्णता पुन्हा वापरायच्या युक्त्या आहेत, त्यानं थोडं वाढेल, पण त्याला भांडवल लागतं. आपण आठ धरू.

पाच माणसांच्या घराला नुसतं प्यायला लागतं पंधरा लिटर. म्हणजे दोन चौरस मीटर पत्रा. एका दरवाजाएवढा. हे चांगलं आहे, खोटं का बोलू? बोअरिंगचं खारं पाणी असलेल्या वस्तीत, खाडीकाठी, दुष्काळी गावात हा दरवाजाएवढा पत्रा पोराबाळांची पोटं वाचवेल. पण नुसतं पिऊन माणूस जगत नाही. आंघोळ, कपडे, भांडी, संडास. मुंबई महापालिका पूर्वापार झोपडीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर धरत आली. इमारतीतल्याला १३५. माणूस तोच, तहान तीच, घाम तर झोपडीतल्याला जास्त. पण आकडा तिप्पट. बरं, ४५ च धरा. पाच माणसांचे सव्वादोनशे लिटर. त्याला लागला २८ चौरस मीटर पत्रा. आपली दहा बाय पंधराची खोली किती? १४ चौरस मीटर. म्हणजे अख्खं छप्पर काळं केलं, घर उन्हाच्या स्वाधीन केलं, तरी झोपडीचा कोटासुद्धा अर्धाच भरतो. १३५ चं तर नावच नको.

आणि तो पत्रा येणार कुठून? २०१५ सालच्या त्या पाणी झटकणाऱ्या धातूचा एक इंच बाय एक इंच तुकडा करायला त्यांना एक तास लागत होता. दीडशे चौरस फुटाला त्या चालीनं २१,६०० तास. रात्रंदिवस मशीन चालली तर नऊशे दिवस. अडीच वर्षं! तेवढ्यात बुलडोझर दोनदा येऊन जातो. आता मशीन जलद होत चालल्यात, पुढं आणखी होतील, यात मला शंका नाही. माझ्याच डोळ्यांदेखत मार्किंगला लागणारा वेळ निम्म्यावर आला. पण आज तो पत्रा गोदरेजच्या कपाटासारखा दुकानात मिळत नाही, हे समजून घ्या.

तो पाण्याचा दुस्वास करणारा धातू पावसाचं पाणी गोळा करायला चांगला, असं ते म्हणतात. थोड्या उतारावरूनही सगळं पाणी खाली येतं. शंभर टक्के खरं. पण उपनगरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या १४ चौरस मीटर छपरावरच चार महिन्यांत २८ हजार लिटर पाणी येऊन पडतं. साधा गंजका पत्रासुद्धा ते खाली आणून सोडतो, दारात, गल्लीत, कधी घरात. आपली अडचण पाणी पत्र्याला चिकटतं ही नाही. ठेवायचं कुठं ही आहे. २८ हजार लिटर ठेवायचे तर खोलीत माणसं कुठं ठेवू? पाण्याचा प्रश्न उलगडत गेलं की शेवटी जमिनीवर येऊन थांबतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, ड्रम रचता रचता कळलं.

आता हवेकडं. तुम्ही म्हणाल, समुद्र राहू द्या, पाऊस राहू द्या, मुंबईची हवाच ओली. बरोबर. पावसाळ्यात एका घनमीटर हवेत वीस-बावीस ग्रॅम पाणी वाफ होऊन तरंगत असतं. दहा बाय पंधराची, दहा फूट उंच खोली घ्या. त्या खोलीच्या हवेत जवळजवळ एक लिटर पाणी आहे. या क्षणी. दिसत नाही, पिता येत नाही, पण आहे. ते काढायचं कसं? गार केलं की निघतं. फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवा, तिच्या अंगावर थेंब येतात, ते हवेतलंच पाणी. टॉवरच्या एसीची नळी खाली रस्त्यावर टपटपत असते, तेही हवेतलंच. तुमच्या-माझ्या श्वासातलं पाणी साहेबाच्या एसीतून गटारात जातं, असंही म्हणता येईल.

इथंही लेझरचा पत्रा कामाला येतो. गार पत्र्यावर पाण्याचा थर साचला की तो थरच पांघरुणासारखा आडवा येतो, नवं पाणी धरू देत नाही. पत्रा थेंब झटकणारा असला की थेंब घरंगळतो, जागा मोकळी होते, पुढचा थेंब धरतो. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातला एक भुंगा हेच करतो. २००१ साली पार्कर आणि लॉरेन्स या शास्त्रज्ञांनी त्याच्या पाठीचा अभ्यास छापला. पाठीवर उंचवटे, ते पाणी धरतात. मधले खळगे मेणचट, ते पाणी वाहू देतात. धुक्यात डोकं खाली, पाठ वर करून तो उभा राहतो आणि थेंब घरंगळून थेट तोंडात. ना पालिका, ना नगरसेवक, ना मीटर. असा पट्ट्यापट्ट्यांचा धातू लेझरनं कोरता येतो, त्यावर जगभर काम चाललंय. पण भुंग्याला लागतं एक-दोन थेंब. माणसाला लागते बादली. आणि पत्रा गार ठेवायला पुन्हा वीज. तो निसर्गाचा भाव इथंही सुटत नाही. वाफ करताना जेवढी उष्णता घातली तेवढीच पाणी करताना काढून घ्यावी लागते.

हवेतून पाणी काढणारी यंत्रं आपल्याच स्टेशनात आली होती, कुणाला आठवतं? २०२२ च्या जूनमध्ये मध्य रेल्वेनं मैत्री ॲक्वाटेक या कंपनीला सहा स्टेशनांवर अशी १७ यंत्रं बसवायचा परवाना दिला. सीएसटी, दादर, कुर्ला, ठाणे, विक्रोळी आणि आपलं घाटकोपर. नाव ठेवलं मेघदूत! कालिदासाचा ढग यक्षाचा निरोप घेऊन प्रेयसीकडं जातो. हा ढग बिल घेऊन प्रवाशाकडं आला. जाहीर झालेला दर असा: स्वतःची बाटली घेऊन गेलात तर लिटरला १२ रुपये. यंत्र चांगलं, खोटं नाही. जमिनीतलं पाणी उपसत नाही, प्लॅस्टिकही थोडं कमी होतं. कंपनीनं धंदा केला, तिचा तो धर्मच. माझा मुद्दा दराचा आहे. पालिका नळाचं पाणी वस्तीला देते तेव्हा हजार लिटरला दहा रुपयेसुद्धा आकारत नाही. हवेतलं एक लिटर बारा रुपयांना. म्हणजे हजारपटीहून जास्त. ज्याच्या घरी नळ आहे तो कधीमधी बाटली भरेल, त्याला फरक पडत नाही. ज्याच्या घरी नळ नाही त्याचा दिवस बाराच्या पाढ्यानं कसा निघावा?

आता माझ्या बोलण्याच्या गाभ्याशी येतो.

या मुंबईला पाण्याचा तुटवडा आहे का? रोजचं जवळपास चार हजार दशलक्ष लिटर पाणी या शहरात येतं. सात तलावांतून. त्यातले दोन, विहार आणि तुळशी, आपल्याच डोक्यावर आहेत, बोरिवली-मुलुंडच्या मधल्या जंगलात. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली. गोऱ्या साहेबानं ते पाणी नळातून खाली फोर्टात नेलं. तेव्हापासून उपनगराच्या अंगावरून पाईप जातात. मोठ्ठे पाईप, त्यावर आपली पोरं चालतात, कडेला माणसं संसार मांडतात. पाईपाच्या बुडाशी झोपायचं आणि प्यायला ड्रमवाल्याकडून विकत घ्यायचं. गळतीत आणि चोरीत रोज शेकडो दशलक्ष लिटर जातं, हे पालिका स्वतःच सांगते. आणि पालिका मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आखते. २०२० साली जाहीर झाला, २०० दशलक्ष लिटरचा. मी त्याच्या विरोधात आत्ता काही बोलत नाही. एवढंच विचारतो, ते गोडं झालेलं पाणी कुठल्या पाईपातून, कुणाच्या नळाला?

१५ डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. पाणी हक्क समितीनं केस घातली होती. घटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे, त्यात पाण्याचा हक्क येतो. झोपडी २००० सालानंतरची असली, बेकायदा असली, तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. त्याच निकालात हेही म्हणालं की कायदेशीर राहणाऱ्याच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही. पाणी मिळेल, बरोबरी मिळणार नाही. ओळखीचं वाटतं ना? २०२२ च्या मे महिन्यात पालिकेनं सर्वांसाठी पाणी म्हणून धोरण आणलं. धोरण चांगलं. मग अर्ज, मग पुरावा, मग जमीन कुणाची, रेल्वेची की वनखात्याची की कलेक्टरची, मग त्यांचं नाहरकत पत्र. ज्यानं अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसचे जिने झिजवलेत त्याला पुढचं सांगायला नको.

हे नवं नाही. रावबहादूर बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. तळ्यावर कुणी फिरकू शकलं का? तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले तेव्हा ओंजळ भरली. मागाहून सवर्णांनी शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. ठराव आणि ओंजळ यांत जे अंतर असतं ते नेहमी चालून कापावं लागलं आहे.

म्हणून या पत्र्याची मला एक भीती वाटते, आणि ती मी इथं उघड मांडतो. उद्या हा पत्रा स्वस्त होईल. होईलच. मग कुणीतरी सूटबूटवाला, सोबत फोटोग्राफर, आपल्या वस्तीत येईल. दहा घरांवर दहा पत्रे बसवील. आपणही हार घालू. आणि नंतर वॉर्ड ऑफिसात पाईपाचा अर्ज घेऊन गेलो की साहेब म्हणेल, तुमच्याकडं तर आधुनिक यंत्रणा आहे, तुम्हाला जोडणी कशाला? इमारतीला पाईप आणि वस्तीला पत्रा. पूर्वी वेगळा पाणवठा होता गावकुसाबाहेर, आता वेगळा पाणवठा छपरावर. विटाळाला फेमटोसेकंदाची झिलई. पत्रा जोडीला या, पाईपाच्या जागी नको. हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, फोटोग्राफर आल्यावर सुचणार नाही.

पण भीती वाटते म्हणून पाठ फिरवायची का? नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात दामोदर खोऱ्याची योजना पुढं गेली, १९४५ साली पाण्याचा केंद्रीय आयोग उभा राहिला. तळ्याच्या पाण्यासाठी लढलेला माणूस नदीचं पाणी अडवायचं कसं, वीज काढायची कशी, याच्या फायली वाचत बसला. घोषणा त्यालाही येत होत्या. आपल्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे की घरात येणाऱ्या पाण्याचा क्षार किती, प्रेशर किती, मीटर कसं वाचायचं? पवईला आयआयटी आहे. तिच्या एका अंगाला पवईचा तलाव, वर विहार. तिथं लेझर आहे, धातू आहे, शास्त्रज्ञ आहेत. आपल्यातली पोरं तिथं कँटीनमध्ये भांडी घासतात, काही थोडी वर्गातही बसतात. जी वर्गात बसतात त्यांना माझं सांगणं आहे, हा विषय घ्या. आणि साकीनाका, मरोळ, कांजूरच्या गाळ्यांत बफिंग, कटिंग, वेल्डिंग करणाऱ्यांनो, धातू हातात तुमच्या आहे. पत्रा कसा वाकतो, कुठं तडकतो हे तुम्हाला प्रोफेसरापेक्षा जास्त कळतं. त्यांचा कागद आणि आपला हात एकत्र आला तर दरवाजाएवढा पत्रा साकीनाक्यात का बनू नये?

तोवर साधं करून बघू. त्याला लेझर लागत नाही. उथळ ट्रे, आतून काळा रंग, वर तिरपी काच, काचेच्या खालच्या कडेला पन्हाळ. ट्रेत बोअरिंगचं खारं पाणी. उन्हात ठेवा. असल्या साध्या ट्रेतून चौरस मीटरला दिवसाला दोन-तीन लिटर निघतं. मघाशी हिशेब केला त्या आठाच्या निम्मंही नाही, म्हणजे लेझरवाल्यांनी नेमकं काय मिळवलं तेही कळेल. पुढच्या रविवारी सकाळी नऊला विहाराच्या गच्चीवर मी ट्रे घेऊन येतो. काच कुणाकडं जुन्या खिडकीची असेल तर आणा, दोन फूट बाय तीन फूट. सिलिकॉनची ट्यूब मी आणतो. आणि ज्यांचे पाण्याचे अर्ज वॉर्ड ऑफिसात अडकलेत त्यांनी अर्जाची पोच आणि तारीख घेऊन यायचं. काचेवर थेंब धरायला तासभर लागेल, तेवढ्यात यादी करून घेऊ.